रजेची तारीख आणि तापाची तारीख

कोकणातला फौजी घरी येतो तो गणपतीला, शिमग्याला, नाहीतर मे महिन्यात. नेमक्या याच रजा पुढे त्याच्या डिसेबिलिटी पेन्शनच्या आड येतात. हत्तीरोग, मलेरिया, यकृतातला अमीबाचा गळू, मेंदूतल्या कृमीच्या गाठी अशा परजीवी आजाराची फाइल मेडिकल बोर्डापुढे गेली की पुष्कळदा एकच वाक्य उमटतं: संसर्ग मूळ गावी, रजेवर असताना झाला असावा. खाली शेरा एनएएनए. म्हणजे आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. माणूस तो कागद ट्रंकेत ठेवतो आणि विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपायला नको, कारण संसर्गाच्या बाबतीत नियम सैनिकाच्या बाजूने लिहिलेला आहे. १ जानेवारी २००८ पासूनच्या एन्टायटलमेंट रूल्समधला, म्हणजे अशा पेन्शनची पात्रता ठरवणाऱ्या नियमांमधला, दहावा नियम काढून वाचा. लैंगिक संबंधातून आलेला आजार सोडला, तर सेवेत असताना झालेला संसर्गजन्य आजार सेवेमुळे झालेला धरावा, असं तो सांगतो. भरतीपूर्वी किंवा रजेत लागण झाली असण्याची शक्यता असेल, तर त्या आजाराचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंतचा काळ, पाहून वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवायचं आहे. म्हणजे ‘झाला असावा’ एवढं पुरत नाही, दिवस मोजावे लागतात. बोर्डाने मोजले नसतील तर अपिलात ते आपण मोजून द्यायचे. ‘संसर्ग’ या शब्दात लेप्टो आणि माकडतापही येतात. ते परजीवींचे आजार नव्हेत, पण हिशोब तोच.

कुठले नियम लागतात ते निवृत्तीच्या तारखेवर आहे. २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडलेल्यांना त्या वर्षीचे नवे नियम लागतात. आधीच्यांना ते मागे जाऊन लावता येत नाहीत, कुणी लावले तर लेखी हरकत घ्यावी. २००८ च्या आधी सुटलेल्यांना १९८२ चे नियम लागतात. त्यांच्या परिशिष्टात आहाराच्या सक्तीमुळे होणाऱ्या आजारांत जंतांचा, विशेषतः नारू आणि गोल जंतांचा, नावानिशी उल्लेख आहे. देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली दिलं. त्यामुळे नारूचा दावा आता जुन्या माणसांचाच असणार, पण राजस्थानच्या टाक्यांचं पाणी प्यायलेल्या त्या पिढीने हा उल्लेख अर्जात जरूर टाकावा.

आता दिवस मोजण्याकडे येऊ. फाल्सिपेरम प्रकारच्या मलेरियाचा ताप डास चावल्यापासून साधारण ७ ते १४ दिवसांत येतो. समजा १ सप्टेंबरला रजा सुरू झाली आणि ५ तारखेला हुडहुडी भरली, तर डास चावला तो पोस्टिंगच्या जागी. गाव गुहागर असो की वेंगुर्ला, गावाचा त्यात संबंध नाही. पण ताप १८ तारखेला आला असेल तर बोर्डाचं म्हणणं खरं असू शकतं. असा दावा नुसत्या तारखांवर उभा राहत नाही, हे आधीच समजून घ्यावं. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियाचा हिशोब वेगळा. त्याचे जंतू यकृतात झोपून राहतात आणि ताप महिन्यांनीही उलटतो. आसामातून बदली होऊन आलेल्या माणसाला मे महिन्यात घरी ताप आला, तर आधीच्या पोस्टिंगमधल्या मलेरियाची नोंद शोधायची. तेव्हा प्रायमाक्विनचा, म्हणजे यकृतातले जंतू मारणाऱ्या गोळ्यांचा, १४ दिवसांचा कोर्स पुरा झाला होता का, हेही कागदावर पाहायचं. तो अर्धवट सुटलेला असेल तर उलटलेल्या तापाचं कारण तिथेच सापडतं.

काळा आजार हा बोर्डाच्या ‘मूळ गावी’ या वाक्याला सर्वात सोपं उत्तर असलेला आजार. तो वाळूमाशीमुळे पसरतो आणि त्याचा मुलूख म्हणजे बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशाचा पूर्व भाग. लक्षणं बहुधा २ ते ६ महिन्यांनी दिसतात. कोकणात तो लागतच नाही. बिहारमधल्या दानापूरसारख्या ठिकाणची पोस्टिंग आणि आजाराची तारीख शेजारी शेजारी ठेवली की वेगळं पटवायला लागत नाही. मात्र उपचारानंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी अंगावर फिकट चट्टे, गाठी येतात. ते कुष्ठरोगासारखे दिसतात आणि तसेच समजले जातात. त्वचेच्या डॉक्टरांना जुन्या काळ्या आजाराची गोष्ट आपणहून सांगितली नाही तर ते विचारतीलच असं नाही.

हत्तीरोगाचा दावा सर्वात अवघड, आणि तो कोकणातल्या माणसासाठीच अवघड, कारण किनारपट्टीच्या काही भागांत हा आजार घरचाच आहे. पायाला सूज येईपर्यंत महिने, कधी वर्षं जातात. बहुधा अनेक महिने पुन्हा पुन्हा डास चावल्यावरच तो जडतो. मग बोर्ड म्हणतं, लहानपणीच लागण झाली असेल. याला उत्तरं तीन. पहिलं, भरतीच्या तपासणीत तशी नोंद नव्हती. दुसरं, ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा पूर्ण घेतली तरी वर्षातले २७५ दिवस माणूस युनिटात असतो, त्यामुळे वर्षानुवर्षांचे चावे कुठे झाले हे पोस्टिंगची यादी सांगते. तिसरं, आजार आधीचा आहे असं मानलं तरी तासन्‌तास उभं राहणं, ओले बूट, पायाला जखम होऊनही चालत राहणं यामुळे तो वाढला, असा दावा करता येतो. सेवेमुळे झालेला आणि सेवेमुळे वाढलेला, दोन्हींना डिसेबिलिटीची रक्कम सारखीच मिळते. त्यामुळे पहिलं अमान्य झालं तर दुसरं ग्राह्य धरावं, असं अर्जात स्पष्ट लिहावं.

नौदलातल्यांसाठी याच आजाराची एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे. कोकणासकट देशात जवळजवळ सगळीकडे हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू रक्तात रात्री उतरतात. म्हणून तर रक्त रात्री घेतात. दुपारी घेतलेल्या थेंबात काही न सापडणं याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. पण निकोबारच्या नानकौरी बेटांवरची जात वेगळी, तिचे जंतू दिवसाही रक्तात असतात. तिथल्या कामोर्त्याला आयएनएस कार्दीप या नौदलाच्या तळावर नोकरी झालेल्या माणसाच्या दिवसा घेतलेल्या रक्तात जंतू सापडले असतील, तर ती लागण मालवणची नाही, हे तो रिपोर्टच सांगतो. अशा रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ लिहिलेली आहे का पाहा. नसेल तर लॅबच्या वहीतून काढून घ्या.

खेकड्याचंही असंच. मणिपूर, नागालँड, अरुणाचलच्या ओढ्यांतल्या खेकड्यांत फुप्फुसात राहणारा एक चपटा कृमी असतो, पॅरागोनिमस. आपल्याकडे मळ्यातले मुठे पकडून खाणारी माणसं तिकडेही ओढ्याचा खेकडा सोडत नाहीत. आगीवर अर्धवट भाजलेला खेकडा पुरेसा असतो. नंतर महिनोन्‌महिने खोकला, गंजासारखी थुंकी, छातीच्या फोटोत डाग, आणि टीबीची औषधं सुरू होतात. टीबीच्या स्लाइडमध्ये या कृमीची अंडी कुणी शोधत नाही. टीबीचे जंतू कधीच सापडले नाहीत, औषधांनी फरक पडला नाही आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या आहेत, असे तीन कागद एकत्र असतील तर थुंकीची साधी ओली स्लाइड करून घ्या. औषध प्राझिक्वांटेल, दोन-तीन दिवसांचं. फुप्फुसावर राहिलेला व्रण मात्र जात नाही, आणि अपंगत्वाचे टक्के त्याचे मोजले जातात.

संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर काँगो, सुदानला जाऊन आलेल्यांना गोड्या पाण्यातून होणारा शिस्टोसोमा भेटू शकतो. लघवीतून रक्त हे त्याचं ठळक लक्षण. तुमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात असेल तर इथे एक जुना कागद आड येऊ शकतो. गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात याच आजाराचा स्थानिक आढळ १९५२ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. भारतात मोजकेच ठाऊक असलेलं ते ठिकाण. बोर्डातल्या एखाद्या वाचणाऱ्या डॉक्टरांना ते आठवू शकतं. उत्तर साधं ठेवा: मोहिमेची तारीख, तिथे नदी-तळ्याच्या पाण्यात करावं लागलेलं काम, आणि परतल्यावर लक्षण कधी दिसलं.

सगळ्यात जास्त दावे जिथे फुकट जातात तो आजार म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, फीतकृमीच्या अळ्यांनी मेंदूत केलेल्या गाठी. भारतात मोठ्या वयात पहिल्यांदा फिट येण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी हे एक. कागदावर मात्र नुसतं ‘एपिलेप्सी’ किंवा ‘जनरलाइज्ड सीझर’ लिहिलेलं असतं आणि पुढे ‘जन्मजात प्रवृत्ती’ असा शेरा. फिट हे लक्षण आहे, कारण वेगळं आहे, हे फाइलमध्ये कुठेतरी लिहिलेलं असायलाच हवं. ‘मी तर डुकराचं मांस खात नाही’ असं सैनिक स्वतःच सांगतो आणि बोर्ड ते लिहून घेतं. ते निरर्थक आहे. मांसातून पोटात फीतकृमी होतो. मेंदूतल्या गाठी होतात त्याची अंडी पोटात गेल्याने, आणि अंडी येतात न धुतलेल्या कोथिंबिरीतून, मुळ्यातून, दूषित पाण्यातून, स्वयंपाक करणाऱ्याच्या हातातून. युनिटाच्या लंगरमध्ये, म्हणजे सामायिक स्वयंपाकघरात, जेवणाऱ्याला हे टाळणं स्वतःच्या हातात नसतं. शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो.

या आजारात गाठ झाल्यापासून पहिली फिट येईपर्यंत वर्षं जातात. म्हणून सीटी स्कॅन महत्त्वाचा. कॅल्शियम साठलेला पांढरा ठिपका सीटीवर एमआरआयपेक्षा चांगला दिसतो, आणि तो ठिपका म्हणजे अळी केव्हाच मेल्याची खूण. पहिली फिट आल्याबरोबर काढलेल्या सीटीत तो असेल तर लागण पुष्कळ आधीची. न्यूरोलॉजिस्टकडून ‘सीझर्स’ एवढंच लिहून आणू नका. गाठ कसली, किती जुनी वाटते, आणि लागण सेवाकाळात झाली असणं वैद्यकीयदृष्ट्या संभवतं का, ही तीन वाक्यं सहीशिक्क्यानिशी मागा. डॉक्टर खोटं लिहिणार नाहीत आणि लिहूही नये, पण विचारल्याशिवाय ते हे खरंही लिहीत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाचा धर्मवीर सिंह यांचा २०१३ चा निकाल फिटच्याच आजाराचा आहे. भरतीच्या वेळी काही नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, सेवेशी संबंध नसल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आणि शंकेचा फायदा सैनिकाला, हे त्यात स्पष्ट झालं. अपिलात या निकालाचं नाव घ्यायलाच हवं.

निवृत्तीनंतर आजार दिसला तर? २००८ च्या नियमांत त्यालाही जागा आहे. सुटल्यापासून ७ वर्षांच्या आत आजार वर आला आणि सेवेतल्या परिस्थितीने सुरू झालेल्या विकाराचं ते उशिरा दिसलेलं रूप आहे, असं सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याने मान्य केलं, तर तो सेवेमुळे झालेला धरता येतो. मेंदूतल्या गाठी, काळ्या आजारानंतरचे चट्टे, काश्मीर-लडाखच्या चौक्यांवर कुत्र्यांच्या संगतीतून आलेली यकृतातली हायडॅटिड गाठ, हे सगळे याच खान्यातले. हायडॅटिडची गाठ वर्षानुवर्षं मुकाट वाढते आणि बहुधा दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते. सापडल्याच्या तारखेचा रिपोर्ट जपा, कारण ती सात वर्षं त्यावरूनच मोजली जातील. दुसरी मुदत १५ वर्षांची. सुटल्यावर १५ वर्षांनी, सेवेचे कागद नष्ट झाल्यावर दावा केला, तर सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर येतं.

टक्क्यांबद्दल एक गैरसमज फार नुकसान करतो. परजीवी होता म्हणून टक्के मिळत नाहीत. औषधाने तो मेल्यावर शरीरात काय बिघाड उरला, त्याचे टक्के मिळतात. पूर्ण बऱ्या झालेल्या मलेरियाला किंवा आटलेल्या अमीबाच्या गळूला काही मिळणार नाही, आणि त्यासाठी वकिलाला पैसे देऊ नयेत. मेंदूत चढलेल्या मलेरियानंतर राहिलेला अशक्तपणा, मूत्रपिंडाचं नुकसान, चालू असलेली फिटची औषधं, न उतरणारी सूज, फुप्फुसाचा व्रण, यांना टक्के आहेत. म्हणून ताजे रिपोर्ट बिघाडाचे आणा: पायाचा घेर सेंटिमीटरमध्ये, फुंकायच्या तपासणीचे आकडे, शेवटची फिट कधी आली, गोळ्या किती. शस्त्रक्रिया सुचवली असताना नकार दिला असेल तर बोर्डाच्या फॉर्ममध्ये त्याचा रकाना आहे आणि तो अंगावर येतो. नकाराला वैद्यकीय कारण असेल तर ते लिहून घ्या.

किमान २० टक्के लागतात. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, खाली त्या प्रमाणात. जुन्या नियमांत ब्रॉड बँडिंग, म्हणजे टक्के वरच्या टप्प्याला नेणं, आहे: ५० पेक्षा कमी असतील तर ५० धरतात, ५० ते ७५ च्या मधले असतील तर ७५, त्यापुढचे १००. शेवटचा पगार ५०,००० धरला तर २० टक्क्यांचे नुसते ३,००० होतात, ब्रॉड बँडिंगने ७,५००. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ते लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ ला ठरवलं. संरक्षण पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर आपला पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, उघडा आणि डिसेबिलिटीपुढे २० किंवा ३० असाच आकडा दिसतो का ते बघा. दिसत असेल तर नवा आजार सिद्ध करायची गरजच नाही, फक्त हा फरक मागायचा आहे.

अजून नोकरीत असलेल्यांनी दोन गोष्टी आजच कराव्यात. गावी आजारी पडल्यावर खाजगी दवाखान्यात सलाइन लावून परत जायचं आणि युनिटात काहीच सांगायचं नाही, ही सवय पुढे फार महाग पडते. जमलं तर लष्करी रुग्णालय गाठा. दक्षिणेकडच्यांना बेळगाव किंवा वास्कोचं आयएनएचएस जीवंती, उत्तरेकडच्यांना कुलाब्याचं अश्विनी. नाहीच जमलं तर ग्रामीण रुग्णालयाचे कागद, रक्ताच्या रिपोर्टसकट, परतल्यावर एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटाच्या दवाखान्यात, दाखल करा. दुसरं, सुटतानाच्या बोर्डाचा फॉर्म, एएफएमएसएफ-१६. त्याच्या पहिल्या भागात स्वतःचं निवेदन असतं: कुठे कुठे नोकरी केली, आजार कुठे सुरू झाला, सेवेतल्या कोणत्या गोष्टीमुळे झाला किंवा वाढला असं वाटतं. घरी जायच्या घाईत तिथे ‘निल’ लिहून सही होते. ते ‘निल’ पुढची दहा वर्षं आड येतं. ठिकाण, महिना, वर्ष, कोणत्या एमएचमध्ये (लष्करी रुग्णालयात) किती दिवस दाखल, हे घरून पाठ करून जा.

सुटून झालं असेल तर कागद मागवा. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, खलाशांचं मुंबईत मानखुर्दला. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझे सर्व वैद्यकीय कागद’ असं मोघम मागितलं की मोघम उत्तर येतं. नावं घेऊन मागा: एएफएमएसएफ-१६ सगळ्या पानांसह, वैद्यकीय कॅटेगरी बदलाचे एएफएमएसएफ-१५, रुग्णालयाच्या केस शीट, भरतीची वैद्यकीय तपासणी, आणि पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रजा-पोस्टिंगची अधिकृत नोंद असलेले आदेश. दिवस मोजायचे ते या शेवटच्या कागदावरूनच.

पहिलं अपील दावा नाकारल्यापासून ६ महिन्यांत, दुसरं पहिल्याच्या निकालापासून ६ महिन्यांत, दोन्ही रेकॉर्ड ऑफिसमार्फत. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. तिथेही अंतिम आदेशापासून ६ महिने. उशीर झाला म्हणून घरी बसू नका. पेन्शनचं नुकसान दर महिन्याला नव्याने होत असतं, त्यामुळे उशीर माफ होतो, पण थकबाकी बरेचदा अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. थकबाकीत टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाला कागद देऊ नका. अलिबाग, रत्नागिरी, ओरोसच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज तपासून मिळतो आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मोफत मागता येतो.

आजाराने माणूस गेला असेल तर हीच फाइल त्याच्या पत्नीची होते. मृत्यू सेवेमुळे झालेल्या आजाराने झाला असं मान्य झालं, तर साध्या कुटुंब पेन्शनच्या ३० टक्क्यांऐवजी विशेष कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या ६० टक्के असते. त्यासाठी मृत्यूच्या दाखल्यावर मूळ आजाराचं नाव लागतं. ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढंच लिहिलेलं असेल, तर उपचार केलेल्या रुग्णालयाकडून मूळ कारण लिहिलेला वैद्यकीय दाखला दहावं-बारावं आटोपल्यावर लगेच मागून घ्यावा, कारण वर्षभराने तिथले डॉक्टर बदलून गेलेले असतात.